ग्रीस नवं, खरखर जुनीच: सायकलच्या बेअरिंगना कोणतं ग्रीस लावावं आणि का

हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडला, धुतला, नवं ग्रीस भरलं आणि चाक अलगद फिरायला लागलं. दोन महिन्यांत, भर पावसातल्या काही फेऱ्यांनंतर, आस बोटांत धरून फिरवली की पुन्हा तीच खरखर. मग आधीचं ग्रीस हलक्या प्रतीचं होतं असं ठरवून महागाचा डबा येतो, आणि तोही तेवढेच दिवस टिकतो.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या या बिघाडाचं कारण डब्याच्या किमतीत क्वचितच असतं. पाणी, दोन ग्रीसची मिसळ, चुकीच्या जागी लावलेलं ग्रीस आणि जास्त कसलेला कोन (आसावरचा शंकूच्या आकाराचा नट, ज्यावर छर्रे फिरतात) ही चार कारणं बहुतेक वेळा सापडतात. त्यातलं नेमकं कोणतं, हे जुनं ग्रीसच सांगतं.

पुसण्याआधी बघा

चिंधी हातात घेण्याआधी जुनं ग्रीस बोटावर घेऊन उजेडात बघा. ते पुसून टाकलं की पुढचं सगळं अंदाजाने करावं लागतं.

दुधाळ, फिकट, किंचित फेसाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे आणि ग्रीसमध्ये कालवलं गेलं आहे. इथे दोन प्रश्न सोडवायचे असतात: पाणी आलं कुठून, आणि हे ग्रीस पाण्यात टिकणारं होतं का. पाण्याचा जोराचा फवारा थेट हबवर किंवा पेडलच्या आसावर मारून सायकल धुतली जात असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. सायकलच्या बेअरिंगवरचे रबरी सील उडालेलं पाणी अडवण्यापुरते असतात. जोराच्या फवाऱ्यापुढे ते टिकत नाहीत.

तांबूस तपकिरी रंग आला असेल तर पाणी शिरून बरेच दिवस झालेत आणि पोलाद गंजायला लागलंय. गंजाची बारीक पूड छर्रे आणि वाटी (हबमधला छर्रे बसतात तो खोलगट भाग) यांच्यामध्ये घासणीचं काम करते. त्यामुळे अशा ग्रीसवर नवं ग्रीस दाबून भरण्याला काहीच अर्थ नाही, सगळं उघडून धुवावंच लागतं.

काळपट राखाडी आणि चोळल्यावर चंदेरी चमक म्हणजे धातू झिजतोय. बहुधा कोन गरजेपेक्षा जास्त कसला गेला होता. फक्त एक लक्षात ठेवा, मॉलिब्डेनम किंवा ग्रॅफाइट असलेलं ग्रीस मुळातच काळं असतं. खूण चमकेची धरा, काळेपणाची नाही.

मेणासारखं घट्ट होऊन कडेला चिकटून बसलेलं ग्रीस म्हणजे त्यातलं तेल निघून गेलंय आणि नुसता साबण, म्हणजे तेल धरून ठेवणारा घटक, उरलाय. वर्षानुवर्षं न उघडलेल्या सायकलींत हे हमखास दिसतं.

याच्या उलट, ग्रीस पातळ होऊन हबच्या बाहेर ओघळत असेल, स्पोकच्या मुळाशी तेलाचे डाग असतील, तर दोन शक्यता आहेत. न जुळणारी दोन ग्रीस एकत्र आली, किंवा धुण्याचं द्रावण नीट न वाळवता वरून ग्रीस भरलं. गंज सोडवणारा स्प्रे बाहेरून आसाजवळ मारण्याची सवयही हेच करते. त्यातला मोठा भाग द्रावकाचा असतो. तो ग्रीस विरघळवून बाहेर आणतो, दोन दिवस चाक हलकं फिरतं आणि नंतर बेअरिंग कोरडं पडतं.

आणि ग्रीस स्वच्छ, नव्यासारखं असूनही खरखर असेल तर दोष ग्रीसचा नाहीच. कोन पुसून त्याच्या छर्रे फिरतात त्या पट्ट्यावर बॉलपेनचं टोक हळूच फिरवा. टोक अडखळलं तर तिथे खड्डे पडलेत. खड्डे पडलेल्या कोनावर जगातलं कोणतंही ग्रीस चालत नाही. कोन बदलता येतो. हबमधली वाटी मात्र बहुतेक हबांत बदलता येत नाही, म्हणून ती खराब होण्याआधीच लक्ष द्यायचं.

डब्यावर काय वाचायचं

ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. ते तेल धरून ठेवणारा साबणाचा स्पंज असतो. ग्रीसमध्ये बहुतांश भाग तेलाचा असतो, त्याला धरून ठेवणारा घट्टकारक थोडा, आणि गंजरोधक वगैरे पूरक द्रव्यं त्याहून कमी. वंगणाचं काम तेल करतं. ते तेल जागेवर राहील की पाण्याबरोबर वाहून जाईल, हे घट्टकारक ठरवतो. म्हणून सायकलसाठी घट्टकारक कोणता, हा प्रश्न ब्रँडच्या कितीतरी आधी येतो.

लिथियम साबणाचं ग्रीस सगळ्यात जास्त वापरात आहे आणि कोरड्या हवेत सायकलला पुरेसं आहे. पाण्याशी त्याचा निभाव मध्यम लागतो. लिथियम कॉम्प्लेक्स त्याहून उष्णता सहन करणारं असतं. कॅल्शियम साबणाचं ग्रीस मुळातच पाण्याला दाद देत नाही. जुन्या प्रकारचं कॅल्शियम ग्रीस १०० अंशांच्या आसपास वितळतं म्हणून मोटारीच्या चाकात मागे पडलं, पण सायकलच्या हबमध्ये तेवढी उष्णता कधी येतच नाही. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स या सगळ्यांत उजवं आहे. बरंच पाणी कालवलं गेलं तरी त्याची घडण मोडत नाही, आणि गंज रोखण्याचा गुण त्या घट्टकारकातच असतो. बोटी आणि त्यांच्या ट्रेलरच्या चाकांसाठी 'मरीन ग्रीस' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं याच किंवा याच्या जवळच्या जातीचं असतं. सोडियम साबणाचं ग्रीस आता क्वचित दिसतं, पण दिसलं तर घेऊ नका. ते पाण्यात विरघळतं.

घट्टपणा एनएलजीआय (ग्रीसची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) अंकाने सांगतात, ००० पासून ६ पर्यंत. २५ अंश तापमानाला, ६० वेळा मळलेल्या ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू ५ सेकंदांत किती खोल जातो यावर हा अंक ठरतो. एनएलजीआय २ मध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर जातो, एनएलजीआय १ मध्ये ३१ ते ३४. बोटाला जाणवणारा फरक असा: २ नंबरचं ग्रीस मऊ लोण्यासारखं उभं राहतं, ० किंवा ०० नंबरचं हळूहळू पसरतं. हब, हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग), पेडल आणि उघड्या छर्ऱ्यांचं बॉटम ब्रॅकेट (पेडलचे क्रँक फिरतात तिथलं बेअरिंग) यांना २ नंबर. ३ नंबर घ्यायचं कारण नाही.

आतल्या तेलाचा दाटपणा ४० अंशांना किती सेंटिस्टोक, तेही माहितीपत्रकात असतं. १०० ते २२० या टप्प्यातलं कोणतंही चालतं. ४६० वगैरे आकडा जड, संथ यंत्रांसाठीचा असतो. थंडीत त्याने चाक जड वाटतं.

आता ज्या गोष्टींसाठी उगाच जास्त पैसे मोजले जातात त्या. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलचं चाक मिनिटाला जेमतेम २०० फेरे घेतं, कारण ७०० सी मापाच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर असतो. मोटारीचं चाक ताशी १०० किलोमीटरला ८०० च्या वर फेरे घेतं आणि शेजारी तापलेला ब्रेक असतो. त्यामुळे 'वितळणबिंदू २६० अंश', 'उच्च वेग' हे शब्द सायकलच्या हबला लागू पडत नाहीत. अतिदाबाचे पूरक, म्हणजे ईपी, असले तर बिघडत नाही, नसले तरी चालतं. रंगाला तर काहीच अर्थ नाही. निळा, लाल, हिरवा हा फक्त घातलेला रंग असतो. दोन डबे एकाच रंगाचे असले तरी त्यांचे घट्टकारक वेगळे असू शकतात.

उपयोगाचे आकडे दोन, आणि ते डब्यावर नसून उत्पादकाच्या माहितीपत्रकात सापडतात. एक, पाण्याने धुऊन जाण्याची चाचणी, एएसटीएम (चाचण्यांची मानकं ठरवणारी संस्था) डी १२६४. त्यात फिरत्या बेअरिंगवर पाणी सोडून किती टक्के ग्रीस गेलं ते मोजतात. आकडा जितका कमी तितकं चांगलं, मात्र तुलना करताना दोन्हींची चाचणी एकाच तापमानाला झाली आहे ना ते बघा, कारण ती ३८ किंवा ७९ अंशांना करतात. दुसरी गंजाची चाचणी, एएसटीएम डी १७४३, तिचा निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा असतो. घट्टकारकाचं नावच न सांगणारं ग्रीस आम्ही सुचवणार नाही, कारण पुढे ते कशात मिसळेल आणि कशात नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

मग घ्यायचं कोणतं

पावसात, चिखलात, समुद्राजवळ सायकल चालत असेल तर कॅल्शियम सल्फोनेटचं २ नंबर. बहुतेक कोरडा वापर असेल तर चांगल्या प्रतीचं लिथियम कॉम्प्लेक्स २ नंबर, मोटारीच्या चाकांसाठी मिळणारं. त्यावर एनएलजीआयचं जीसी-एलबी चिन्ह (मोटारीची चाकं आणि चॅसिस दोन्हींसाठी प्रमाणित) असेल तर उत्तमच. सायकलसाठी म्हणून छोट्या ट्यूबमध्ये येणारं ग्रीस वाईट नसतं, बऱ्याचदा याच जातीचं असतं. त्याच्याबरोबर फ्रीहबसाठी (मागच्या हबमधला, पेडल थांबवल्यावरही चाक फिरू देणारा खटक्यांचा भाग) पातळ ग्रीस किंवा दाट तेलाची एक लहान बाटली. घरच्या देखभालीला या दोन वस्तू पुरतात, त्यात सहा-सात प्रकार जमवण्याची गरज नाही.

बेअरिंगमध्ये काय नको ते जास्त महत्त्वाचं आहे. तांब्याची पेस्ट आट्यांसाठी असते, त्यातले धातूचे कण छर्ऱ्यांखाली जाऊ नयेत. ग्रॅफाइटचं ग्रीस वीज वाहतं, त्यामुळे ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे भेटतात तिथे गंजण्याला मदतच होते. पेट्रोलियम जेली अंगाच्या थोड्या वरच्या तापमानालाच पातळ होते आणि पाण्यापुढे टिकत नाही. पांढऱ्या लिथियमचा स्प्रे द्रावक उडून गेल्यावर फार पातळ थर ठेवतो. बिजागरीला तो ठीक आहे, हबला अपुरा.

मिसळ: न दिसणारं कारण

लिथियम आणि पॉलियुरिया (हाही एक घट्टकारक), किंवा बेंटोनाइट मातीचं ग्रीस आणि जवळपास कोणतंही साबणाचं ग्रीस, अशा जोड्या एकत्र आल्या की घट्टकारकाची जाळी मोडते आणि तेल सुटून वाहायला लागतं. क्वचित उलटही होतं, मिसळ घट्ट होते आणि तेल सोडतच नाही. दोन्ही ग्रीस आपापल्या जागी उत्तम असतात, पण एकत्र आली की दोन्ही वाया जातात. म्हणूनच 'वरून थोडं भरू' ही पद्धत धोक्याची आहे. नव्या हबमध्ये कारखान्यात कोणतं ग्रीस भरलंय हे सहसा माहीत नसतं.

घरी ढोबळ पडताळणी करता येते. काचेच्या तुकड्यावर दोन्ही ग्रीस समान घेऊन दोन मिनिटं मळा, शेजारी दोन्हींचे वेगळे ठिपके ठेवा आणि एक दिवस थांबा. मिसळीभोवती तेलाचं वर्तुळ पसरलं किंवा ती मूळ दोन्हींपेक्षा मऊ झाली तर ती जोडी टाळा. हा प्रयोगशाळेचा निकाल नव्हे, आणि काही बदललं नाही म्हणून जोडी जुळते असंही सिद्ध होत नाही. खात्रीचा उपाय एकच, पूर्ण धुऊन भरणं.

हब पुन्हा भरताना

वाटी आणि कोनाच्या हबबद्दल बोलू. कोनाचा पातळ पाना लागतो, पुढच्या हबला बहुधा १३ मिलिमीटरचा आणि मागच्याला १५ चा. एकाच बाजूचा लॉकनट (कोनाला जागेवर आवळणारा नट) आणि कोन काढा. दुसऱ्या बाजूला हात लावला नाही तर आस परत बसवताना दोन्हीकडे सारखी राहते. उघडण्याआधी लॉकनटच्या बाहेर आस किती येते ते मोजून ठेवा. झटपट खोलणीच्या (क्विक रिलीज) हबवर ती प्रत्येक बाजूला साधारण ५ मिलिमीटर असते.

चाक ताटावर आडवं धरून आस हळूच ओढा, छर्रे ताटात पडतील. बहुतेक पुढच्या हबांत प्रत्येक बाजूला ३/१६ इंची १० छर्रे आणि मागच्यात १/४ इंची ९ असतात, पण आपल्या हबमधले मोजूनच घ्या. एका छर्ऱ्यालाही चमक गेल्याचे डाग दिसले तर दोन्ही बाजूंचे सगळे छर्रे नवे घाला. जुन्यांत एक-दोन नवे मिसळले तर किंचित मोठे असलेले तेवढेच भार घेतात आणि कोनाला खड्डे पाडतात.

धुण्यासाठी रॉकेल किंवा ग्रीस काढणारं द्रावण चालतं, पण त्याचा अंश मागे राहता कामा नये. वाटी कोरड्या चिंधीने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसा आणि दहा मिनिटं उघडी ठेवा. पांढऱ्या कागदावर डाग उमटायचा थांबला की वाटी तयार. पाण्यात मिसळणारं द्रावण वापरलं असेल तर वाळवण्याला दुप्पट वेळ द्या. रबरी सीलला मात्र रॉकेलमध्ये भिजवत ठेवू नका, ते फुगून सैल बसतं.

आता प्रमाण. सुई नसलेल्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये ग्रीस भरून घेतलं की हात बरबटत नाहीत आणि मोजमाप कळतं. वाटीच्या पट्ट्यात सलग कडं घाला, इतकं की छर्रे ठेवल्यावर अर्धे बुडतील. छर्रे बसवा, मग त्यांच्यावरून दुसरं पातळ कडं. पुढच्या हबला दोन्ही बाजू मिळून अंदाजे २ ते ३ मिली, मागच्याला ४ च्या आसपास लागतं. छर्ऱ्यांमधल्या फटी भरलेल्या हव्यात, कारण तिथलं ग्रीस पाण्याला अडवणारी भिंतही असतं. हबच्या मधल्या पोकळीत ग्रीस कोंबायची गरज नाही, ते छर्ऱ्यांपर्यंत कधीच पोचत नाही. आसाच्या मधल्या भागावर मात्र पातळ हात फिरवा, गंज धरणार नाही.

कोन बसवल्यावर बाहेर आलेलं जादा ग्रीस सीलच्या ओठाशी राहू द्या आणि त्याच्याबाहेरचं पुसून टाका. बाहेर राहिलेलं ग्रीस धूळ ओढून घेतं आणि तीच धूळ सीलखाली जाते.

सगळ्यात जास्त हब कोन कसण्याच्या पायरीवर बिघडतात. झटपट खोलणीची कळ दाबली की पोकळ आस किंचित दबली जाते आणि कोन आत सरकतात. त्यामुळे चाक हातात असताना अगदी थोडा हल (आडवी मोकळी हालचाल) ठेवायचा आणि फ्रेममध्ये कळ दाबून बसवल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. हातातच हल शून्य केला तर फ्रेममध्ये छर्रे दाबले जातात, चाक फिरतं तरीही, आणि काही आठवड्यांत ग्रीस राखाडी होतं. ठोस आसाच्या आणि नटाच्या हबला असा हल ठेवायचा नसतो. चाक बसवून रिम दोन्ही बाजूंना हलवून बघा. खट्खट् जाणवली तर कोन अगदी किंचित कसा, पुन्हा बघा. चार-पाच वेळा करावं लागतं. हे काम घाईत करण्यासारखं नाही.

बंद बेअरिंगचा हब असेल आणि त्यावर २ आरएस असं लिहिलं असेल तर सील रबरी असतं. पातळ सुरीच्या टोकाने आतल्या कडेकडून हलकेच उचला, धुवा, वाळवा, मोकळ्या जागेच्या साधारण दोन-तृतीयांश ग्रीस भरा. कारखान्यात त्याहून कमी भरतात, कारण तेच बेअरिंग वेगवान मोटारीतही जातं आणि तिथे जादा ग्रीस घुसळलं जाऊन तापतं. सायकलच्या वेगाला ती भीती नाही. झेडझेड लिहिलेलं असेल तर झाकण धातूचं असतं, ते काढलं की वाकतं. तिथे बेअरिंग बदलणंच सोपं.

फ्रीहबमध्ये २ नंबर का भरू नये

पेडल मारताना मध्येच पाय पुढे सटकणं ही तक्रार हबच्या देखभालीनंतर लगेच सुरू झाली असेल तर फ्रीहबमध्ये घट्ट ग्रीस गेलं असण्याची शक्यता मोठी. आत दातांत अडकणारे छोटे खटके असतात आणि त्यांना बाहेर ढकलणाऱ्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक. २ नंबरचं ग्रीस खटक्यांना दाबून धरतं, थंडीत तर आणखीच. खटका वेळेवर दातात बसला नाही की पूर्ण वजन टाकलेला पाय रिकामा जातो. चढावर उभं राहून पेडल मारताना हे झालं तर स्वार थेट दांड्यावर आपटतो. म्हणून ही चूक दिसली की सायकल तशीच चालवत राहू नका.

आधीची सौम्य खूणही ओळखता येते. पेडल थांबवलं की वरची चेन सैल पडून लोंबते, कारण चाकाबरोबर फ्रीहब पुढे ओढला जातो. टक-टक आवाजही मंदावतो.

उपाय: फ्रीहब उघडून धुवा आणि ० किंवा ०० नंबरचं ग्रीस खटक्यांच्या बिजागरीवर तांदळाच्या दाण्याएवढं लावा, दातांवर नुसता ओलावा. ग्रीसऐवजी दाट तेलाचे चार-पाच थेंबही चालतात, पण ते लवकर वाहून जातात. समोरासमोरच्या दातेरी चकत्यांची रचना असेल तर दोन्ही चकत्यांच्या दातांवर उत्पादकाने सांगितलेल्या ग्रीसचा पातळ थर पुरतो. आटे असलेल्या जुन्या फ्रीव्हीलला ग्रीस भरायचंच नाही, त्यात तेल सोडायचं.

आवाज, आटे आणि सीटची दांडी

बॉटम ब्रॅकेटची करकर बेअरिंगची असते असं मानून बेअरिंग बदललं जातं आणि आवाज तसाच राहतो, कारण तो कोरड्या आट्यांतून येत असतो. पेडलचे आटे, क्रँकचे बोल्ट, बॉटम ब्रॅकेटचे आटे, सीटची दांडी हे सगळं काढून, पुसून, पातळ ग्रीस लावून कसा. बरीचशी करकर इथेच थांबते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि इंग्लिश मापाच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये चेनकडच्या बाजूचे उलटे. बाहेर बेअरिंग असलेल्या बॉटम ब्रॅकेटचे कप साधारण ३५ ते ५० न्यूटन मीटरला कसतात, तरी आपल्या भागाचा आकडा तपासून घ्या. ग्रीस लावलेला आटा कोरड्यापेक्षा कमी जोरात तितकाच घट्ट होतो, म्हणून अंदाजाने ताकद लावू नका.

हेडसेटचं खालचं बेअरिंग वरच्यापेक्षा लवकर जातं. पुढच्या चाकाचं पाणी थेट त्यावर उडतं आणि भारही त्यावर जास्त येतो. तिथे कॅल्शियम सल्फोनेट सढळ हाताने भरा. घरात उभ्या ठेवलेल्या सायकलवर व्यायाम होत असेल तर वरच्या बेअरिंगकडेही बघा, कारण घामातलं मीठ तिथे उतरतं.

पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटची दांडी कोरडी बसवली तर काही वर्षांत ती जणू जोडली जाते. दोन धातू, मध्ये ओलावा, आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेत असल्याने दांडी आतल्या आत फुगते. ग्रीस लावा आणि सहा महिन्यांतून एकदा दांडी काढून पुन्हा लावा. लावून विसरलेलं ग्रीसही वाहून जातं. टायटॅनियमच्या फ्रेमला किंवा बोल्टांना आटे अडकू न देणारी खास पेस्ट लागते, कारण तो धातू घासताना चिकटतो. कार्बनच्या दांडीला ग्रीस नको. ती निसटते, मग क्लॅम्प जास्त कसला जातो आणि कार्बन तडकतो. तिथे बारीक रवाळ कण असलेली कार्बन पेस्ट वापरा, तिने कमी जोरात पकड मिळते.

काही ब्रेक डिस्कच्या बोल्टांवर निळा किंवा लाल सुकलेला थर असतो. तो बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आहे. त्याला ग्रीस लावू नका.

जिथे ग्रीस जाऊच नये

चेनवर ग्रीस नाही. नव्या चेनवरचा चिकट थर कारखान्यातला असतो, तो आत पोचवलेला असतो. वरून लावलेलं ग्रीस पिनांमध्ये शिरत नाही, फक्त माती धरतं. आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या केबलच्या आवरणातही ते नको, काही महिन्यांत गिअर उशिरा पडायला लागतात. डिस्क ब्रेकची चकती, पॅड, रिमचा ब्रेक घासणारा पट्टा यांच्याजवळ काम करताना आधी हात धुवा. चकतीला लागलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडने शोषून घेतलं असेल तर पॅड बदला, भाजून ते पूर्वीसारखे होतील याचा भरवसा नाही.

द्रव ब्रेकच्या पिस्टनलाही हात लावू नका. डॉट प्रकारचा ब्रेक द्रव असलेल्या ब्रेकमधलं ईपीडीएम रबर खनिज तेलाच्या ग्रीसने फुगतं.

मागे पेडल मारून लागणाऱ्या ब्रेकचा हब हा उष्णतेच्या नियमाला अपवाद आहे. तिथे ब्रेक हबच्या आतच घासतो, उतारावर चांगलाच तापतो. म्हणून साधं ग्रीस वितळून बाहेर येतं आणि ब्रेक किंचाळतो किंवा अचानक धरतो. या हबला उच्च तापमानाचं ग्रीस लागतं. हबच्या आत गिअर असलेल्या रचनेत उत्पादकाने सांगितलेलंच ग्रीस किंवा तेल घाला, कारण त्यातही बारीक खटके असतात आणि २ नंबरने ते अडकतात.

डबा आणि पुढची तपासणी

उघडा डबा हेही बिघाडाचं एक कारण आहे. मळलेलं बोट दर वेळी त्यात बुडालं की वाळूचे कण पुढच्या प्रत्येक बेअरिंगमध्ये जातात. स्वच्छ लाकडी पट्टीने सिरिंज भरून घ्या, सिरिंजवर घट्टकारकाचं नाव आणि भरल्याचा महिना लिहा, डबा लगेच बंद करा. वर थोडं तेल सुटलेलं दिसलं तर घाबरू नका, ते ढवळून घेता येतं. तेल बरंच सुटलं असेल आणि खालचं ग्रीस कोरडं, दाणेदार झालं असेल तर ते टाकून द्या.

नवं ग्रीस भरल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर हल पुन्हा तपासा, ग्रीस बसल्यावर कोन किंचित सैल वाटू शकतो. जोराच्या पावसात किंवा पाणी भरलेल्या रस्त्यातून चाक आसापर्यंत बुडालं असेल तर त्याच आठवड्यात एका बाजूचं सील उचलून आतलं ग्रीस बोटावर घ्या. दुधाळ नसेल तर सील परत बसवा.